पंचेचाळीस ग्रॅम की सदुसष्ट

कोळथरकर कुलमंडळाची मी गेली सात वर्षं सहचिटणीस आहे. चिटणीस मुलाकडे अमेरिकेत असतात, त्यामुळे पद त्यांचं आणि काम माझं. मंडळाने मध्यंतरी सुनांना मताचा हक्क दिला, पण सहचिटणिसाला मत नाही असं घटनेतच आहे. म्हणजे हक्क आला त्याच दिवशी गेला. माझी तक्रार नाही. मत नसलं की ऐकायला भरपूर वेळ मिळतो. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तेव्हा मोजायची खोड आहे. सभेत कोण किती वेळा बोललं, त्यातलं किती वेळा विषयाला धरून बोललं, खोबऱ्याची वडी दुसऱ्यांदा कोणी उचलली, हे सगळं माझ्या वहीच्या समासात असतं. इतिवृत्तात फक्त ठराव जातात.

यंदा मंडळाने कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायला घेतली. कुळातला प्रत्येक माणूस, त्याचा जन्म, शिक्षण, लग्न, मुलं, असं सगळं एका जाडजूड पुस्तकात. पहिली आवृत्ती साठ वर्षांपूर्वीची. नवीचं प्रकाशन अकरा जानेवारीच्या संमेलनात, आणि त्यासाठी छापखान्याला मजकूर वीस डिसेंबरच्या आत हवा. लोकांनी हाताने भरून पाठवलेले अकराशे फॉर्म टाइप करायचे होते. ते काम नम्रताकडे होतं.

नम्रता पुसदची. वय अठ्ठावीस. वाघोलीला दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहायची आणि दोन बस बदलून आमच्या नारायण पेठेतल्या ऑफिसात यायची. ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, दोन कपाटं, एक लांब टेबल आणि कोणा कोळथरकराने नवा घेतल्यावर मंडळाला दान केलेला कॉम्प्युटर. त्याच्याबरोबर आलेल्या कीबोर्डची बटणं इतकी मेलेली होती, की अक्षर उमटलं की नाही हे पडद्यावर बघितल्याशिवाय कळत नसे. नम्रता प्रत्येक बटण ठोकायची. ऑक्टोबरात तिच्या दोन्ही मनगटांना पट्टे आले.

“डॉक्टर म्हणतात कीबोर्ड बदला,” तिने मला सांगितलं, “नाहीतर तीन आठवडे हाताला पूर्ण आराम.”

“मग घे ना आराम.”

“मॅडम, तीन आठवडे मी घरी बसले तर खजिनदार साहेब काम त्या एजन्सीला देतील. परवाच म्हणून राहिले होते. आणि हे काम गेलं तर मी पुसदला. खोलीचं भाडं कोण भरते?”

खजिनदार म्हणजे रामदासभाऊजी. वय चौऱ्याहत्तर, तार ऑफिसातून निवृत्त, रोज संध्याकाळी कॅरम. एजन्सीचा एक माणूस त्यांना भेटून गेला होता. फॉर्म मशीनच वाचतं, म्हणाला होता. आमच्या लोकांचं अक्षर माणसांना वाचता येत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मी विषय सभेपुढे ठेवला: नवा कीबोर्ड घेणे.

एवढ्याशा विषयाला खरं तर पाच मिनिटं पुरली असती. पण बाळकाकांनी नातवाला बोलावलं होतं. बाळकाका आमचे अध्यक्ष, वय एक्याऐंशी, आणि अजून सगळ्यांचे बाळ. त्यांचा नातू शौनक बाणेरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. कीबोर्ड हा त्याचा छंद. घरी सहा आहेत आणि त्यांतल्या एकावरही तो बाहेरच्या माणसाला हात लावू देत नाही. तो एक पारदर्शक पट्टी घेऊन आला. तिच्यावर दोन बटणं होती.

“हा मेकॅनिकल कीबोर्ड,” शौनक म्हणाला, “म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच. हे दोन्ही टॅक्टाइल आहेत. दाबताना अर्ध्या वाटेत एक उंचवटा लागतो. तो लागला की समजायचं अक्षर पडलं, पुढे दाबायचं नाही.”

“गतिरोधक,” बाळकाका म्हणाले.

“हो, एक्झॅक्टली, आजोबा. फक्त हा हलका आहे, पंचेचाळीस ग्रॅमला बसतो. आणि हा जड, सदुसष्ट ग्रॅमला. कुठला घ्यायचा तेवढं ठरवा.”

तेवढं! पट्टी टेबलावरून फिरली. दहा सभासदांनी दोन्ही बटणं दाबली. सहा जणांनी डोळे मिटून दाबली. एकाने वास घेतला. मी समासात लिहिलं: सरासरी वय एकाहत्तर, टाइप करणारे शून्य. नम्रता कोपऱ्यात जुन्या कीबोर्डवर ठोकत होती. तिच्यापर्यंत पट्टी गेली नाही. ती सभासद नव्हती. मीही दिली नाही. ते मी इथे नोंदवते, इतिवृत्तात नोंदवलेलं नाही.

“सदुसष्ट कशावरून?” रामदासभाऊजींनी विचारलं.

“कंपनीने लिहिलंय, काका.”

“कंपनी लिहील. मी तोलून बघणार.”

त्यांनी पिशवीतून कॅरमच्या सोंगट्यांची डबी काढली. त्यांच्या सोंगट्या पाच-पाच ग्रॅमच्या आहेत. हे त्यांनी एकदा सोनाराकडे जाऊन खात्री करून घेतलंय. हलक्या बटणावर त्यांनी एकावर एक सोंगट्या रचल्या. नववी ठेवली तेव्हा बटण खाली बसलं. जड बटण तेराव्या सोंगटीपर्यंत हललं नाही, आणि चौदावी ठेवल्यावर गेलं. खोलीत टाळ्या पडल्या.

“जड,” भाऊजींनी जाहीर केलं. “हा खरा. हलक्या बटणावर नुसतं बोट टेकलं की अक्षर. उद्या माशी बसली तरी एक कोळथरकर जन्माला येईल.”

“आणि तुझं ते जड दाबेपर्यंत एखादा मरेल,” बाळकाका म्हणाले. “हलका घ्या. मुलीचे हात दुखतायत.”

“हात कशाने दुखतात? सवय नाही म्हणून. आम्ही तारेची किल्ली चाळीस वर्षं—”

“अठ्ठावीस,” मी म्हटलं. त्यांचा फॉर्म माझ्याकडे होता.

मतदान झालं. पाच जड, पाच हलके. मी नावं बघितली आणि मला हसू आवरेना. कोळथरकरांच्या दोन पाती आहेत, थोरली आणि धाकटी. दोघा भावांत कोकणातल्या जमिनीची वाटणी झाली, तेव्हापासूनच्या. जड म्हणणारे पाचही थोरल्या पातीचे, हलके म्हणणारे पाचही धाकट्या. बाळकाका धाकटे, रामदासभाऊजी थोरले. हे लोक संमेलनात जिलबी ठेवायची की श्रीखंड, यावरही असेच फुटतात. बटणाचा काही संबंध नव्हता.

अध्यक्षांनी निर्णायक मत टाकावं, असं धाकटे म्हणाले. अध्यक्षांनी तटस्थ राहावं, असं थोरले म्हणाले. वड्या आल्या. भाऊजींनी दोन घेतल्या.

वडी खाता खाता शौनक जे बोलू नये ते बोलला. “काका, यात भांडण्यासारखं काही नाही. हे स्विच चिमट्याने ओढून काढता येतात, दुसरे बसवता येतात. एकेका बटणाखाली वेगळा ठेवला तरी चालतो.”

दहाही माणसं एकदम गप्प झाली. पुण्यात इतकी शांतता दुपारी एक ते चार सोडून नसते.

“म्हणजे,” भाऊजी हळूच म्हणाले, “वाटणी करता येईल?”

बाळकाकांचा चेहरा उजळला. एक्याऐंशी वर्षांत त्यांना एवढा सोयीचा प्रश्न कोणी विचारला नसेल.

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. कीबोर्डाचा फोटो मोठा करून टेबलावर पसरला. सत्त्याऐंशी बटणं. स्पेसबार मधोमध आणि सगळ्यांच्या उपयोगाची, म्हणून ती विहिरीसारखी सामाईक ठरली. उरली शहाऐंशी, म्हणजे त्रेचाळीस-त्रेचाळीस. डावीकडचा भाग थोरल्यांचा, तो जड. उजवीकडचा धाकट्यांचा, तो हलका. पण मधून रेघ मारली तर डावीकडे तेहतीसच भरली. थोरल्यांना दहा कमी. भाऊजी उभे राहिले.

“बसा,” मी म्हटलं. “उजव्या टोकाला बाणांची चार आणि त्यांच्यावरची सहा. बरोबर दहा आहेत. ती थोरल्यांना द्या.”

“स्वतंत्र तुकडा,” भाऊजी म्हणाले, आणि त्यांचे डोळे अगदी निवले. “कडेला. कोणाची ये-जा नाही.”

एंटर धाकट्यांकडे गेली, याचा थोरल्यांनी निषेध नोंदवला. एस्केप थोरल्यांकडे आली, तेव्हा धाकट्यांतून कोणीतरी “शोभते” म्हणालं. ते कोण, हे माझ्या समासात आहे. स्पेसबारखाली कुठला स्विच, यावर पुन्हा तणाव वाढला, तेव्हा शौनकने आपल्या घरचा एक पंचावन्न ग्रॅमचा देऊ केला. तो दोन्ही पातींचा नाही, असं लिहून घेतलं.

कोपऱ्यातली ठोकाठोक केव्हाच थांबली होती. नम्रता खुर्ची वळवून बघत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. तिला बहुतेक वाटलं असावं, ही माणसं थट्टा करतायत.

ऑनलाइन मागवण्याआधी बुधवार पेठेत चौकशी करायची, असाही ठराव होता. भाऊजी मला घेऊन गेले. दुकानदार पेपर वाचत होता.

“कीबोर्डचे स्विच आहेत का?”

“कीबोर्ड आहेत.”

“नुसते स्विच हवेत. त्रेचाळीस जड, त्रेचाळीस हलके.”

त्याने पेपर खाली केला, भाऊजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आजोबा, इथे कीबोर्डाबरोबर बटणं मिळतात. सुटी हवी असतील तर समोर शिंप्याचं दुकान आहे.”

ऑनलाइन मागवले.

दहा नोव्हेंबरला शौनकने कीबोर्ड बसवून दिला. चारशे दहा पानं बाकी होती आणि कामाचे दिवस छत्तीस. म्हणजे रोज साडेअकरा पानं. जुन्या डब्यावर हात मोडून नम्रता दहा करत होती. नव्यावर पहिल्या दिवशी सात झाली. दुसऱ्या दिवशी सात. आठवडाभरात बेचाळीस. हे आकडे मी रोज संध्याकाळी वहीत घेत होते, आणि शनिवारी भागाकार करून बघितला, तर काम वीस डिसेंबरला पुरं होत नव्हतं. भाऊजींनीही बघितले.

“त्या एजन्सीचा फोन आला होता,” ते जाता जाता म्हणाले. “नाही म्हणालो नाही मी.”

सोमवारी सकाळी ते पाहणीला आले, सोंगट्या घेऊन. दर सोमवारी हद्द तपासायची, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. सगळं जागच्या जागी होतं. ते गेले आणि मी दोन कप चहा घेऊन नम्रतासमोर बसले. जे दीड महिन्यापूर्वी विचारायचं ते तेव्हा विचारलं.

“तुला कुठले हवे होते? जड की हलके?”

ती हसली. “आता विचारून राहिल्या मॅडम?”

“आता विचारतेय.”

“दोन्ही.”

“म्हणजे वाटणी बरोबर आहे?”

“वाटणी बरोबर आहे, पण रेघ चुकली.” तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. “मी पुसदला टाइपरायटरवर शिकली. तर्जनी आणि मधलं बोट, ही दोन दांडगी. यांना हलकं दिलं की धाडकन तळाला आदळतात, दुखणं तिथूनच येते. ह्यांना जडच पाहिजे, उंचवटा लागला की थांबतात. पण अनामिका न करंगळीत जोर राहत नाही. त्यांना सदुसष्ट ग्रॅम म्हणजे दिवसभर पाण्याच्या बादल्या. तुमच्या लोकांनी डावा न उजवा हात वाटला, मॅडम. वाटायची होती बोटं.”

मी तीस वर्षं गणित शिकवलं, आणि त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की दहा माणसांनी दोन तास जे मोजलं, त्यात ज्या हातांनी काम करायचं ते हात मोजलेच नव्हते.

“मग बदल,” मी म्हटलं.

“ठराव आहे ना.”

“ठराव मी लिहिलाय. चिमटा कुठे आहे?”

डावीकडे करंगळी आणि अनामिकेच्या वाट्याची बारा बटणं होती, सगळी जड. उजवीकडे तर्जनी आणि मधल्या बोटाची बारा, सगळी हलकी. आम्ही बारा काढली, बारा घातली. शिवाय कंट्रोलचं बटण. नम्रता दर चार ओळींनी मजकूर सेव्ह करायची आणि त्यासाठी डाव्या करंगळीने कंट्रोल दाबून ठेवायची. तिथे हलका पाहिजे होता. त्याच्या बदली जड स्विच कुठे टाकायचा? तिने कीबोर्डावर नजर फिरवली आणि वरच्या कोपऱ्यातल्या एका बटणाखाली टाकून दिला. मी विचारलंही नाही कुठल्या. अर्धा तास लागला. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. बटणांवरच्या टोप्या त्याच, अक्षरं तीच.

त्या दिवशी अकरा पानं झाली. मंगळवारी चौदा. गुरुवारपासून पंधराच्या खाली गेलीच नाहीत. दुसऱ्या आठवड्यात डाव्या हाताचा पट्टा निघाला.

पुढच्या सोमवारी भाऊजी संध्याकाळी आले, तेव्हा मी त्यांना थेट बाणांच्या बटणांकडे नेलं. “तुमचा कडेचा तुकडा बघा आधी.” त्यांनी दहाही बटणं सोंगट्या रचून तपासली, तेवढ्यात कॅरमची वेळ झाली. त्याच्या पुढच्या सोमवारी मला दातांच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. परत आले तर जिन्यातच आवाज ऐकू आला.

“नवात बसलं! नवात!”

डाव्या बाजूच्या पहिल्याच बटणावर नऊ सोंगट्या होत्या आणि बटण खाली होतं. नम्रता भिंतीला टेकून उभी होती. मी आत शिरल्यावर तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला गोवायचं नाही, असं तिने ठरवलेलं दिसलं.

“थोरल्या पातीच्या हद्दीत अतिक्रमण!” भाऊजी फोनवर कोणाला तरी सांगत होते. “हो, आत शिरलेत. बारा-तेरा ठिकाणी.”

संध्याकाळी तातडीची सभा. दहाच्या दहा हजर. एरवी गणपूर्तीसाठी मला फोन करत बसावं लागतं. शौनकही आला. भाऊजींनी ठराव मांडला: बटणं पूर्ववत करावीत आणि उरलेलं काम एजन्सीकडे द्यावं.

“कोणी केलं हे?” बाळकाकांनी विचारलं.

“मी—” मी आणि नम्रता एकदम म्हणालो.

“एक बोला.”

“चिमटा माझ्या हातात होता,” नम्रता म्हणाली. घटनेप्रमाणे सभासद नसलेल्याला सभेत बोलता येत नाही. कोणीतरी तसं म्हणायला तोंड उघडलं, पण ती थांबली नाही. “मला बोलायचं नाही असं असलं तर नंतर पुसून टाका. पूर्ववत करायचं असलं तर करा. पण तसल्या कीबोर्डवर मी नाही बसणार. हात कायमचे गेले तर मला दुसरं काही येत नाही. मग ते एजन्सीवाल्यांनाच देऊन टाका, मी पुसदची बस धरते.”

बोलताना तिचा आवाज चढला नाही.

मी वही उघडली. “वाटणीनंतरचा आठवडा: बेचाळीस पानं. बदलल्यानंतरचे दोन आठवडे: एकशे ऐंशी. बाकी: एकशे अठ्ठ्याऐंशी. दिवस: अठरा.”

“प्रश्न पानांचा नाही, वहिनी,” भाऊजी म्हणाले. “प्रश्न ठरावाचा आहे. वाटणी एकदा झाली की झाली.”

“झालीच. ती मोडा असं कोण म्हणतंय? पण वाटणीनंतर भावाभावांत अदलाबदल होते की नाही? तुमचा शेताचा तुकडा माझ्या विहिरीजवळ, माझा तुमच्या गोठ्याजवळ. दिला, घेतला. वाटणी कायम राहते.”

बाळकाका पुढे सरकले. “होते. अदलाबदल होते.”

“होते,” भाऊजींना नाही म्हणता येईना. “पण दोन्हीकडची संमती लागते. आणि तोलामोलाची हवी. आमची तेरा गेली, त्यांच्या बदल्यात काय आलं ते एकेक वाचा.”

एकेक वाचलं. पानं टाइप करण्यापेक्षा याला जास्त वेळ लागला. थोरल्यांनी ऐकाराची मात्रा दिली आणि ‘र’ घेतला. ओकाराची दिली आणि ‘प’ घेतला. टॅब दिलं, आणि त्याच्या बदली जे आलं ते वाचताना मी मुद्दाम थांबले.

“‘क’.”

“‘क’ आमच्याकडे?” थोरल्यांच्या बाजूने कुजबूज झाली. कोकणाचा क, कुळाचा क, कोळथरकरांचा पहिलाच क. भाऊजी ताठ बसले.

“‘क’ कसा द्यायचा?” धाकट्यांतून एकजण उठला.

“घेऊ दे,” बाळकाका म्हणाले. “अनुस्वार आपल्याकडे आलाय. त्याच्यावाचून यांचा वृत्तांत कसा होतो ते बघू.”

अशी बारा निकालात निघाली. तेरावं आलं.

“थोरल्यांनी दिलं: कंट्रोल,” मी वाचलं. “घेतलं:” आणि मी कीबोर्डाकडे वाकून पहिल्यांदाच नीट बघितलं. “स्क्रोल लॉक.”

“कंट्रोल गेलं?” भाऊजी म्हणाले. “ज्याच्यावर सगळं सेव्ह होतं ते? आणि त्याच्या बदल्यात हे काय? काय काम करतं हे?”

सगळ्यांनी शौनककडे बघितलं. सहा कीबोर्ड बाळगणारा मुलगा, त्याने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मिटलं.

बारा जोड्या पचवलेली सभा तेराव्यावर अडली. भाऊजींनी सोंगट्यांची डबी पिशवीत टाकली आणि पिशवीचे बंद आवळले. ते असं करतात तेव्हा ते सभात्याग करणार असतात. थोरले पाचही उठले की गणपूर्ती मोडते, गणपूर्ती मोडली की आधीचाच ठराव कायम राहतो. नम्रताने खुर्चीवरची तिची ओढणी उचलली.

मग काय वाटलं तिला कोण जाणे, ती परत आली.

“साहेब, त्याला दिवा आहे,” ती म्हणाली.

“काय आहे?”

“दिवा. ते दाबलं की दिवा लागते. बघा.”

भाऊजी वाकले. त्यांनी स्क्रोल लॉक दाबलं. बटण जड होतं, तर्जनी जरा पांढरी पडली. कीबोर्डाच्या वरच्या कडेला एक बारीक हिरवा ठिपका लागला. त्यांनी पुन्हा दाबलं. ठिपका गेला. पुन्हा दाबलं.

“एंटरला लागतो का असा?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“कंट्रोलला?”

“कंट्रोलला कुठला, साहेब.”

“धाकट्यांच्या कुठल्याच बटणाला?”

नम्रताने कीबोर्डवरून प्रामाणिकपणे नजर फिरवली. “त्यांच्या एकाही नाही.”

भाऊजींनी मागे वळून आपल्या चौघांकडे बघितलं. मग खुर्ची ओढून बसले आणि पिशवीचे बंद सैल केले. “लिहा वहिनी. थोरल्या पातीची संमती आहे. दिवा रोज लावलेला असावा.”

“एकमताने,” बाळकाका म्हणाले. आमच्या मंडळात एकमताने झालेला हा तिसरा ठराव. पहिले दोन दुखवट्याचे आहेत.

नम्रताने मजकूर तेरा डिसेंबरला पुरा केला, आठवडाभर आधी. शेवटच्या दिवशी एकवीस पानं. मी दोनदा मोजली. उजव्या हाताचा पट्टा तिने त्याच्या आदल्या आठवड्यातच काढला होता. एजन्सीचा माणूस भाऊजींना पुन्हा भेटला, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं म्हणे, तुमच्या मशीनचा स्विच किती ग्रॅमचा?

संमेलनाच्या आधी बाळकाकांनी तिला बोलावून घेतलं. त्यांनी आत्मचरित्र लिहिलंय, बाराशे पानं, हाताने, दोन्ही बाजूंनी. ते तिने टाइप करावं. वर्षभराचं काम. मी शेजारीच बसले होते, आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावर आनंद कुठून कुठे धावला ते मी बघितलं. पण ती लगेच हो म्हणाली नाही.

“करते, काका. एक अट आहे. कीबोर्ड मी आणणार. माझ्या हाताने निवडून.”

“आण की,” बाळकाका म्हणाले. मग राहवेना त्यांना. ते पुढे झुकले, आवाज खाली आणला. “पण मला एकट्याला सांग. हलका की जड?”

“ते नाही सांगणार,” नम्रता म्हणाली, आणि कागदांचा पहिला गठ्ठा उचलून पिशवीत भरायला लागली.